खंडेनवमीला यंत्र चालत नाही

गेल्या दसऱ्याला मी बडोद्याला जाऊन आले, तेव्हापासून आमच्या भिशीतल्या बायका पाठीस लागल्यात. "सुमनताई, बडोदं कसं आहे हो?" असं विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत चकलीच्या भाजणीवर घसरायचं, ही त्यांची रीत. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. ज्यांनी बडोदं पाहिलंय त्यांनी कृपा करून माझ्या चुका काढू नयेत. राजवाडा मी रिक्षातून पाहिला, तोही अर्धा, कारण मध्ये बस आली. मी नीट पाहिली ती एक डाळ गिरणी, एक टांझानियाची बाई आणि माझ्या मेव्हण्यांचा हट्ट.

माझी धाकटी बहीण वसू लग्न होऊन बडोद्याला गेली, त्याला एक जन्म लोटला. मी इकडे कऱ्हाडला खानावळ चालवत बसले. खानावळवालीला सणाला सुट्टी नसते. आता खानावळ सुनेच्या हाती दिली आणि पहिल्यांदा बहिणीकडे नवरात्र करायला निघाले.

तरसाली

वसू स्टेशनवर आली होती. "आलीस ने एकदाची," म्हणाली (तिच्या 'ना'चं तिकडे 'ने' झालंय) आणि रडली. मीही रडले. मग तिनं रिक्षावाल्याशी गुजरातीत असं कडाकडा भांडण केलं की माझे डोळे आपोआप वाळले. ही तीच वसू, जी लहानपणी दुकानातून सुट्टे परत मागायला लाजायची.

तिचं घर तरसालीला, एका मोठ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मेव्हणे विश्वासराव जगदाळे दारातच उभे होते, ताठ. जगदाळ्यांचे पूर्वज शिलेदार म्हणून मराठी राज्याच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात त्यांची एक तलवार आहे. विश्वासराव ती दाखवत नाहीत असा पाहुणा नाही. "या अक्कासाहेब. प्रवास सुखाचा झाला ना?" असं ते मला विचारतात आणि शेजारच्याला त्याच दमात "केम छो, मजामां?" म्हणतात. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि फोनवर जे येईल ते.

जेवायला बसले. वसू म्हणाली, "अक्का, शाक घे ने, थंड होतंय." शाक म्हणजे भाजी. वरणाचा पहिला घास घेतला आणि थांबले. आमटीत गूळ आपल्यातही घालतात, पण तो पाहुण्यासारखा येऊन जातो. इथे तो घरजावई झालाय. मी पुढचा घास घेतला. खानावळवालीनं दुसऱ्याच्या वरणाला नाव ठेवायचं नसतं, निदान पहिल्या दिवशी.

विश्वासराव मात्र दोन घास खाऊन उठले. रात्रीची भांडी आवरताना वसूनं सगळं सांगितलं. त्यांची मकरपुऱ्याला एक शेड आहे, तिथे डाळ गिरणीची यंत्रं बनतात. पूर्वी नेपाळपासून आफ्रिकेपर्यंत माल जायचा. मग चीनची यंत्रं आली, दिसायला चकचकीत आणि ढीगभर बटणांची, आणि ऑर्डरी आटल्या. आता एकच आशा उरली होती. टांझानियाहून कोणी नीमा नावाच्या बाई यंत्र बघायला यायच्या होत्या. त्यांची ऑर्डर मिळाली तर शेड टिकणार होती. नाही मिळाली तर शेड विकायची आणि विश्वासरावांनी नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर सुपरवायझर म्हणून लागायचं, असं ठरलं होतं.

"या वयात, अक्का," वसू म्हणाली. "आणि त्या वासात. यांना उदबत्तीनं पण शिंका येतात."

सेव-उसळ आणि एक फोन

अष्टमीला वसूनं मला बाजार दाखवला. बडोद्याची सेव-उसळ खाल्ली. लोक तिचं इतकं कौतुक करतात की मिसळ ही तिची धाकटी बहीण आहे असं वाटावं. चव चांगली आहे हे कबूल करते. पण वाढणारा म्हणाला, "तिखट जोईए, मासी?" आणि मी कऱ्हाडच्या तोऱ्यात "द्या" म्हटलं. तिखटाची वाटी वेगळी येते आणि ती आपल्या जबाबदारीवर ओतायची असते. मी सगळी ओतली. पुढचा अर्धा बाजार मी पाण्याच्या बाटलीतून पाहिला.

घरी आलो तर विश्वासराव खूश होते. जिग्नेशभाईंचा फोन येऊन गेला होता. जिग्नेशभाई म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. परदेशी गिऱ्हाईक आणून देणं हा त्यांचा धंदा, आणि आफ्रिकेत त्यांच्या इतक्या आत्या आहेत की मोजायला वेगळा माणूस लागेल. नीमाबाई दसऱ्यानंतर यायच्या होत्या, पण त्यांचं चीनला जाणं अलीकडे आलं. म्हणून त्या उद्याच येणार, आणि दसऱ्याच्या दुपारी विमानानं मुंबईला आणि तिथून चीनला, तिथली यंत्रं बघायला.

"उद्या नवमी," मी म्हटलं.

"चांगला दिवस आहे," विश्वासराव म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. गुजराती माणूस यंत्रांची आणि गाड्यांची पूजा दसऱ्याला करतो. म्हणून जिग्नेशभाईंनी हिशेब केला की दसऱ्याला शेड बंद, तर बाईंना नवमीलाच आणू. आणि जगदाळ्यांच्या घरी पूजा खंडेनवमीला. शस्त्रं, अवजारं, यंत्रं त्या दिवशी पुजायची आणि पुजली की दसऱ्याची उत्तरपूजा होईतो हात लावायचा नाही. विश्वासरावांना वाटलं, जिग्नेशभाईंना हे माहीत असणार, इतकी वर्षं शेजारी आहेत. जिग्नेशभाईंना वाटलं, पूजा म्हणजे दसरा, यात विचारायचं काय. दोघांनी एकमेकांना "चालो, सरस" म्हणून फोन ठेवला.

मकरपुरा

नवमीला सकाळी शेडमध्ये गेलो. सगळं असं घासूनपुसून लख्ख केलेलं की मला माझ्या खानावळीची लाज वाटली. यंत्रांना झेंडूचे हार, हळदीकुंकू. पाटावर तांबडं कापड, त्यावर ती तलवार, शेजारी पाने, हातोडे, मोजपट्ट्या, सगळे ओळीत. नारळ वाढवला, आरती झाली. प्रसाद तोंडात असतानाच जिग्नेशभाईंची गाडी आली.

नीमाबाई उतरल्या. उंच, भरदार, पिवळ्याजांभळ्या फुलांचा झगा आणि त्याच कापडाचा डोक्याला फेटा. हातात एक कापडी पिशवी, ती त्यांनी कुणालाच धरू दिली नाही. दाराशी न सांगता चपला काढल्या. मी रात्रभर एक इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं. पुढे होऊन म्हटलं, "वेलकम. हाऊ वॉज युवर जर्नी?"

"मजामां, बेन," त्या म्हणाल्या. "तमे केम छो?"

तरुणपणी त्या दार-एस-सलाममध्ये एका गुजराती शेठच्या दुकानात कामाला होत्या. गुजराती त्यांना माझ्या मेव्हण्यांइतकंच येत होतं. त्या शेडमध्ये ते न येणारी मी एकटी निघाले. इथून पुढचं सगळं वसूनं माझ्या कानात मराठी करून सांगितलेलं आहे, तेव्हा त्यात मीठमसाला असला तर तो तिचा.

नीमाबाईंनी यंत्राभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, हारांच्या फटीतून चाळणी पाहिली. मग म्हणाल्या, "चालू करो."

विश्वासराव म्हणाले, "आजे नहीं चाले."

"बिघडलंय?"

"नाही."

"वीज नाही?"

"आहे."

"मग?"

"आज पूजा केली आहे. आज ते विश्रांती घेतं. उद्या उत्तरपूजा झाली की चालवतो."

जिग्नेशभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विश्वासरावांना कोपऱ्यात ओढलं. कोपरा कसला, सगळ्यांना ऐकू येत होतं. "उद्यापर्यंत गिऱ्हाईक थांबतं का? दहा मिनिटं फक्त. बटण मी दाबतो, तुम्ही डोळे मिटा. तुम्ही पाहिलंच नाही तर पाप कसलं?"

"मी डोळे मिटले तरी कान उघडे राहतील," विश्वासराव म्हणाले.

"मग बाहेर जाऊन चहा प्या!"

"जिग्नेशभाई, माझ्या बापानं कधी पुजलेल्या वस्तूला हात लावला नाही. माझ्याच्यानं होणार नाही."

मला एकीकडे त्यांचं कौतुक वाटत होतं आणि एकीकडे त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. वसू पदराशी चाळा करत भिंतीला टेकून उभी होती.

नीमाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या आणि विचारलं, "माझ्याकडे हे यंत्र बंद पडलं, आणि तुमची पूजा असली, तर?"

"फोन उचलेन. कसं दुरुस्त करायचं ते सांगेन," विश्वासराव म्हणाले. "पण मी स्वतः हात लावायचा तर दुसऱ्या दिवशी."

"चीनचा माणूस म्हणतो, वर्षाचे सगळे दिवस, कधीही."

"मग तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याला घर नाही."

जिग्नेशभाई तिथेच एका पेटीवर बसले. नीमाबाईंनी घड्याळ पाहिलं. आता या उठणार आणि जाणार, आणि विश्वासराव नंदेसरीत शिंकत बसणार, हे मला स्वच्छ दिसलं. मला दुसरं काही सुचेना तेव्हा मी नेहमी जे सुचतं तेच केलं. मोठ्यानं विचारलं, "या बाई जेवल्यात का, हे कुणी विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं.

वरण कुणाचं

घरी आणलं खरं, पण खंडेनवमी घरातही असते. विळी, सुरी, मिक्सर, सगळे हळदीकुंकू लावून देवापुढे बसलेले. भाजी वसूनं आदल्या रात्रीच चिरून ठेवली होती. देवापुढे मिक्सर पाहून नीमाबाईंनी त्याच्यावरचं कुंकू वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हा माणूस खरंच बोलत होता." तोवर त्यांना वाटत होतं की यंत्र नादुरुस्त आहे आणि पूजा हा बहाणा आहे.

वरण मी केलं. त्यात साखर नाही, गूळ नाही. हिंग, हळद, मीठ, वर तूप. नीमाबाईंनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आ तो अमारी तुवेर छे."

विश्वासराव सावरून बसले. "नाही हो. ही वासदची डाळ. इथून जवळच वासद आहे, तिथली डाळ सगळ्या गुजरातेत नावाजलेली. आम्ही दुसरी खातच नाही."

"आमची आहे."

"वासदची आहे."

वसूनं वाण्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. वाणी हसला. म्हणाला, "बेन, भरडली वासदला. तूर आफ्रिकेची. कितीतरी वर्षं झाली."

विश्वासराव ताटातल्या वरणाकडे असे बघत राहिले की जणू त्यानं त्यांची फसवणूक केली. मीही मनात कऱ्हाडच्या खानावळीतल्या डब्यांकडे बघत होते. "आपल्या मातीतली तूर आहे, खा पोटभर," असं मी किती पोरांना सांगितलं असेल देव जाणे.

मग नीमाबाईंनी सांगितलं. त्यांच्या गावाकडे पूर्वी तूर लोक हिरवी असताना शेंगा सोलून खायचे, वाळलेल्या तुरीचं कुणाला अगत्य नव्हतं. भारतातले व्यापारी आले, म्हणाले, पिकवा, आम्ही हवी तितकी घेतो. इकडे आपल्याकडे लोकांच्या हाती पैसा खेळू लागला होता, रोज वरण खाणारी माणसं वाढली होती. तिकडे सगळ्यांनी तूर लावली. नीमाबाईंनी नोकरी सोडून गावी गोदाम घातलं. आणि मग एका वर्षी इकडे पीक उदंड आलं, आणि भारतानं बाहेरची तूर घेणं बंद केलं.

"तुमच्या सरकारनं एक कागद काढला," त्या म्हणाल्या, "आणि आमच्या गावात त्या वर्षी लग्नं झाली नाहीत. माझ्या गोदामात तुरीला पोरकिडे लागले. डाळ करून दुसऱ्या देशात विकावी, तर यंत्र नाही. सगळी तूर फक्त तुमच्या पोटासाठी."

मला ते वर्ष आठवलं. डाळ उतरली होती. आमच्या भिशीत त्यावर किती आनंद झाला होता, पेढे वाटायचेच काय ते बाकी होतं. तो आनंद कुठून आला हे मला त्या जेवणाच्या ताटावर कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. मी त्यांना आणखी वरण वाढलं. दुसरं काय करणार?

जेवण झाल्यावर त्यांनी ती कापडी पिशवी उघडली. आत त्यांच्या शेतातली तूर होती. "दुसऱ्याच्या तुरीवर यंत्र छान चालतं, हे सगळेच दाखवतात. मला माझ्या तुरीवर बघायचं होतं."

विश्वासरावांनी एक दाणा दाताखाली धरला. "ही कोरडी आहे. तेलपाणी लावलेलं नाही. अशीच यंत्रात घातली असती तर अर्ध्याचं पीठ झालं असतं."

जिग्नेशभाई उठून उभे राहिले. "मग सकाळी हेच सांगायचं होतं! तूर तयार नाही, उद्या दाखवतो. पूजा कशाला मध्ये आणली?"

"सकाळी मला तूर कुठे माहीत होती? बंद तर पूजेमुळेच होतं."

जिग्नेशभाईंनी कपाळावर हात मारला. पण नीमाबाई हसल्या, दिवसभरात पहिल्यांदा.

गच्चीवर

तुरीला तेलपाणी चोळून उन्हात वाळवायची, हे मला विश्वासरावांनी शिकवायची गरज नव्हती. माझ्या सासूनं माझ्याकडून पोत्यानं करून घेतलंय. यंत्र बंद होतं, हात बंद नव्हते. आम्ही तिघी चादर घेऊन गच्चीवर गेलो.

गच्चीवर गुपित राहत नाही. तळमजल्यावरच्या कच्छी बा, म्हणजे आजी, वर आल्या आणि म्हणाल्या, तेल एरंडेलच पाहिजे. मी म्हटलं, शेंगदाण्याचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या सुनेला पळवून नेलंय. आणखी चारजणी आल्या, त्यांची दोन मतं पडली. शेवटी नीमाबाईंनी निकाल दिला, निम्मी तुमच्या तेलात, निम्मी त्यांच्या. मग सगळ्या उकिडव्या बसून तूर चोळायला लागल्या. कुणीतरी गरब्याचं गाणं धरलं. नीमाबाईंना त्याचे शब्द येत होते. मला टाळ्यासुद्धा धड जमल्या नाहीत, कारण हात तेलकट.

वसू माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, उद्या नाही जमलं तर?"

"तर मी इथेच राहते आणि नंदेसरीला विश्वासरावांचा डबा मी करते," मी म्हटलं. ती हसली नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण तिची साडी नवी होती.

दसरा

दसऱ्याला भल्या सकाळी पुन्हा चादर पसरून ऊन दाखवलं. तूर काही पुरती वाळली नव्हती, पण विमान थांबणार नव्हतं. शेडमध्ये विश्वासरावांनी उत्तरपूजा केली, हार काढले, तलवार कपाळाला लावून बाजूला ठेवली. मग बटण दाबलं.

यंत्र गरगरलं. आधी टरफलं उडाली. मग खाली डाळ पडायला लागली. अख्खी, पिवळी, चुरा थोडका. नीमाबाईंनी ओंजळ भरून उजेडात नेली, दोन डाळी चावल्या, पुन्हा ओंजळ भरली. जिग्नेशभाई तर आत्यांच्या सगळ्या देवांचा धावा करत असावेत.

"मी चीनला जातेच," त्या म्हणाल्या.

वसूनं माझा दंड घट्ट पकडला.

"तिकीट काढलंय. तिथून मोटर घेईन. तुमची मोटर फार आवाज करते. यंत्र तुमचंच घेईन, दोन नग."

विश्वासराव खाकरले. म्हणाले, "मोटर चीनचीच आहे. फक्त जुनी आहे."

यावर नीमाबाई इतक्या हसल्या की त्यांचा फेटा सुटला. मग तो पुन्हा बांधताना म्हणाल्या, एक अट आहे. यंत्र बसवायला यांनी स्वतः यायचं आणि पहिला हंगाम पार पडेपर्यंत राहायचं. खोटं न बोलणारा माणूस मला तिथे हवा आहे.

विश्वासरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्यांच्या पूर्वजांनी अर्धा देश घोड्यावरून पालथा घातला, त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. विमान त्यांनी फक्त खालून पाहिलेलं. ते मोजपट्टी पुसायला लागले. तेव्हा वसू पुढे झाली आणि त्या कडाकडा गुजरातीत म्हणाली, "येतील. मी घेऊन येते."

कऱ्हाड

परवा वसूचा फोन आला, टांझानियाहून. विश्वासराव तिकडे खुशीत आहेत, गावात त्यांना सगळे "बाबा राव" म्हणतात. पहिल्या हंगामाची डाळ निघाली. मी म्हटलं, "इकडे येईल ना गं?" ती म्हणाली, "नाही ने, अक्का. केनियाला गेली, दुबईला गेली, उरलेली नीमाबेननं गावातच विकली. मी बायकांना वरण शिकवलं, आता त्या रोज करतात."

दुसऱ्या दिवशी वाण्याकडे गेले तर तूरडाळ चढलेली. कारण विचारलं. तो म्हणाला, "आफ्रिकेचा माल कमी आलाय, ताई. ते लोक आता तिकडेच भरडायला लागलेत, आणि खायलाही."

एका गिरणीनं भाव चढत नाही, एवढं मला कळतं. तरी भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. त्या तुरीला तेल मीच चोळलं होतं, आता वाण्याशी कोणत्या तोंडानं भांडू? थोडी कमीच घेऊन घरी आले. त्या दुपारी सुनेनं पातेल्यात डाव फिरवला आणि म्हणाली, "आई, आज वरण पातळ झालंय."

"असू दे," मी म्हटलं. "आज कुठेतरी दाट झालं असेल."